सुपरचार्जरचा जमाखर्च

धान्याच्या पेढीवर चाळीस वर्षे बसलेल्या माणसाने मोटारीच्या इंजिनाविषयी लेख लिहावा, हे आमच्या सभासद बंधुभगिनींना काहीसे चमत्कारिक वाटेल. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरते. यंत्रशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. परंतु गेल्या काही वर्षांत या विषयाने आमचे पुष्कळ द्रव्य घेतले आणि त्या मोबदल्यात थोडे ज्ञान दिले. आज आपल्यांतील अनेक घरांतील तरुण मुले जीप, जिप्सी, थार अशा चारही चाकांना गती देणाऱ्या गाड्या घेऊन माळरानांत व डोंगरांत शर्यतींस जातात आणि इंजिनाची ताकद वाढवून द्यावी असा हट्ट वडिलांपाशी धरतात. अशा वेळी नुसते 'नाही' म्हणणे जितके अनुचित, तितकेच न समजता धनादेशावर सही करणेही अनुचित होय. माल पारखून मग सौदा करावा, हा आपल्या धंद्याचा नियम येथेही लागू आहे. तो आम्ही मोडला, म्हणून हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला.

आमच्या धाकट्या चिरंजीवांनी २०२१ साली एक जुनी मारुती जिप्सी घेतली. ही गाडी १९८५ साली आपल्या देशात आली. सर्वसाधारण ग्राहकांस तिची विक्री आता बंद झाली आहे. वजनाने हलकी व बांध्याने काटक असल्यामुळे शर्यतींच्या मंडळींत तिला आजही मान आहे. तिच्या शेवटच्या पिढीतील इंजिन १२९८ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे व सोळा व्हॉल्व्हचे आहे. त्याची शक्ती सुमारे ८० अश्वशक्ती. परंतु ही शक्ती मिनिटास ६००० फेऱ्यांवर मिळते, आणि चाक फिरविण्याचा जोर, ज्यास टॉर्क म्हणतात, तो १०३ न्यूटन-मीटर इतका ४५०० फेऱ्यांवर मिळतो. दगडगोट्यांतून मुंगीच्या पावलांनी चढताना इंजिन दीड-दोन हजार फेऱ्यांवर असते. म्हणजे जेथे जोर हवा तेथे तो नाही, आणि जेथे आहे तेथे गाडी नेता येत नाही. चिरंजीवांची तक्रार हीच होती, आणि ती खोटी नव्हती.

हवेचे महत्त्व

पेट्रोलचे इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. वस्तुतः ते अधिक प्रमाणात हवेवर चालते. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल अधिक सोडणे सोपे आहे. हवा अधिक आणणे कठीण. साधे इंजिन हवा ओढून घेते व ती वातावरणाच्या दाबानेच आत येते. हा दाब समुद्रसपाटीवर दर चौरस इंचास १४.७ पौंड असतो. दोन्ही आकडे सारखे आहेत हा केवळ योगायोग. आमचे बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने येथे तो साडेतेरा पौंडांच्या आसपास भरतो. लेहसारख्या ३५०० मीटर उंचीच्या ठिकाणी तो सुमारे दोन तृतीयांशच उरतो, आणि तितक्याच प्रमाणात इंजिनाची ताकद घटते.

या नैसर्गिक दाबावर न थांबता यंत्राने हवा कोंबून आत भरणे, याचे नाव सुपरचार्जिंग. अमेरिकेतील इंडियाना प्रांतातील कॉनर्सव्हिल गावच्या रूट्स बंधूंनी १८६० साली दोन फिरत्या पाकळ्यांच्या ब्लोअरचे पेटंट घेतले. त्या काळी मोटारच नव्हती. तो ब्लोअर भट्ट्यांना वारा घालण्याच्या कामी येई. पुढे जर्मनीत गॉटलीब डाइम्लर यांनी १८८५ साली इंजिनात दाबाने हवा भरण्याची कल्पना आपल्या पेटंटात मांडली, आणि १९२१ साली मर्सिडीजच्या गाड्या अशा कॉम्प्रेसरसह लोकांसमोर आल्या. भट्टीचा भाता मोटारीस लागला, इतकेच या यंत्राचे मूळ.

निवड

हवा भरणाऱ्या यंत्रांचे दोन मुख्य वर्ग आहेत. जे यंत्र इंजिनाच्या शाफ्टवरून पट्ट्याने फिरते तो सुपरचार्जर. जे धुराड्यातून जाणाऱ्या गरम वायूने फिरते तो टर्बोचार्जर. टर्बोची कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली पेटंट केली. टर्बो वाया जाणाऱ्या वायूवर चालतो म्हणून काटकसरीचा. परंतु इंजिन मंद असता धूर कमी, म्हणून त्याचा जोर उशिरा येतो. सुपरचार्जर इंजिनाचीच काही शक्ती खातो, पण पाय दाबताच जोर देतो. लांबच्या हमरस्त्यासाठी टर्बो उत्तम. दगडांवरून हळूहळू चढणाऱ्या पेट्रोल गाडीस सुपरचार्जर अधिक मानवतो.

सुपरचार्जरचेही तीन प्रकार आहेत. रूट्स पद्धतीचा ब्लोअर दर फेऱ्यास ठरावीक हवा पुढे ढकलतो. खालच्या फेऱ्यांवरही तो काम देतो, परंतु हवा बरीच तापवितो. दोन मळसूत्रांचा प्रकार स्वीडनचे आल्फ लिशोल्म यांच्या १९३०च्या दशकातील कामातून आला. त्यात हवा यंत्राच्या आतच दाबली जाते, ती कमी तापते, मात्र किंमत अधिक. तिसरा प्रकार पंख्याचा, म्हणजे सेंट्रिफ्यूगल. त्याचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून सपाट मैदानावरील वेगास तो चांगला, चढणीस निरुपयोगी. आमच्या कामास पहिले दोनच योग्य होते, आणि खिशास पहिला.

येथे एक गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. पुष्कळ गाड्यांना सुपरचार्जरची गरजच नसते. मोठे टायर घातले की गाडी मंदावते, आणि मालकास वाटते की इंजिन कमी पडते. अशा वेळी ट्रान्सफर केसमधील खालचा गिअर वापरण्याची सवय, अथवा ॲक्सलमधील दात्यांचे प्रमाण बदलणे, हा स्वस्त व निर्धोक उपाय होय. तो करून पाहिल्यावरही उणीव राहिली, तरच पुढे जावे.

पुलीचा हिशोब

सुपरचार्जर किती हवा देईल हे पुलीच्या मापावर ठरते, आणि हा हिशोब कोणाही व्यापाऱ्यास करता येतो. चार टप्प्यांचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा घेते. म्हणजे १२९८ च्या निम्मी, दर फेऱ्यास ६४९ घन सेंटिमीटर. प्रत्यक्षात ओढण्यात घट येऊन सुमारे ५५० च भरते. आता दर फेऱ्यास ५०० घन सेंटिमीटर हवा देणारा ब्लोअर इंजिनाच्या एका फेऱ्यास १.६ फेरे घेईल अशी पुली बसविली, तर कागदावर ८०० मिळतात. फटींतून परत जाणारी वजा जाता ७०० धरावेत. ७०० भागिले ५५० म्हणजे १.२७, अर्थात सुमारे सत्तावीस टक्के अधिक हवा. इंजिन ६००० फेऱ्यांवर गेले तर ब्लोअर ९६०० वर जाईल; ब्लोअरच्या निर्मात्याने ठरविलेली मर्यादा याहून वर आहे ना, हे याच वेळी तपासावे.

दाबाचे घड्याळ मात्र सत्तावीस टक्क्यांहून अधिक दाखवील. कारण दाबलेली हवा तापते व तापलेली हवा फुगते. आपल्या यार्डात ओला दाणा मापाला अधिक भरतो, म्हणून आपण मापावर न जाता वजनावर जातो, तसेच हे. घड्याळातील पौंड म्हणजे माल नव्हे. समुद्रसपाटीवर सहा पौंड दाब देताना रूट्स ब्लोअर चाळीस अंशांच्या हवेस नव्वद-शंभर अंशांपर्यंत नेऊ शकतो. म्हणून मधे इंटरकूलर, म्हणजे हवा थंड करणारा रेडिएटर, बसवितात. तो बसविल्यावर घड्याळातील दाब थोडा उतरतो. त्याने घाबरून जाऊ नये. दाणा वाळला, वजन घटले नाही.

शेतकऱ्याच्या पट्टीत जशी ढोबळ रकमेतून हमाली, तोलाई वजा होते, तशी या सत्तावीस टक्क्यांतून पट्टा फिरविण्याची शक्ती व उष्णतेची घट वजा करावी लागते. हाती वीस टक्क्यांच्या आसपास लागले तर सौदा चोख झाला असे समजावे. परंतु हे वीस टक्के दीड-दोन हजार फेऱ्यांपासूनच जाणवतात, आणि त्यांचे मोल तेथेच आहे.

आमची चूक

चिरंजीवांनी एका कारखान्याकडून अंदाजपत्रक आणले. त्यात ब्लोअर, कंस, पुली व पट्टा यांखेरीज मोठे इंजेक्टर, नवा कॉम्प्युटर, इंटरकूलर आणि लॅम्डा मीटर अशा रकमा होत्या. आम्ही सवयीप्रमाणे लाल पेन्सिल घेतली. 'हवा भरणारे यंत्र घ्यावयाचे आहे ना? मग या चार गोष्टी कशास?' असे म्हणून आम्ही त्या चारही ओळी खोडल्या. चिरंजीव म्हणाले, "अण्णा, ते एकच काम आहे, चार नव्हेत." कारागिरानेही एकदा सांगून पाहिले. आम्ही ऐकले नाही. सौद्यात रक्कम तोडली याचे आम्हांस समाधानच वाटले.

गाडी तयार झाली व आमच्या शेतामागील माळावर चालविली. पहिला चढ तिने असा घेतला की आम्हीही खूष झालो. तिसऱ्या चढावर इंजिनातून डबीत खडे हलवावेत तसा आवाज आला. चिरंजीवांनी पाय काढला, पण उशीर झाला होता. इंजिन उघडले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनच्या माथ्यास भोक पडलेले होते, आणि वितळलेले ॲल्युमिनियम प्लगच्या टोकास चिकटले होते.

याचे कारण आम्हांस मार्केट यार्डाजवळच्या वृद्ध मिस्त्रींनी तो पिस्टन हातात देऊन समजाविले. हवा वाढली, पण जुने इंजेक्टर पूर्वीइतकेच पेट्रोल देत राहिले. जुन्या कॉम्प्युटरचा दाबमापक वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो; त्यापलीकडे त्यास काही दिसत नाही. पेट्रोल कमी पडले की ज्वलन अधिक तापते. त्यात हवा आधीच तापलेली आणि ठिणगी जुन्याच वेळेस पडणारी. मग ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील मिश्रण आपण होऊन एकदम भडकते. यास नॉकिंग म्हणतात. साध्या इंजिनात ते थोडे झाले तर निभावते; दाबाने भरलेल्या इंजिनात काही क्षणांत पिस्टन जाते. मिस्त्री म्हणाले, "शेठजी, उधारीवर माल वाढवलात, गोदाम वाढवलं नाहीत." आम्ही खोडलेल्या चार ओळींच्या कितीतरी पट रक्कम नव्या इंजिनकामास लागली. दोष कारखान्याचा नव्हता. आमच्या पेन्सिलीचा होता. चिरंजीवांनी त्याविषयी एक अक्षरही काढले नाही. ते बोलले असते तर आम्हांस सोपे गेले असते.

बसविताना

दुसऱ्या वेळी आम्ही चिरंजीवांच्या शेजारी बसून प्रत्येक टप्पा वहीत लिहिला. त्यातील सार येथे देतो.

प्रथम इंजिन निरोगी आहे की नाही ते पाहावे. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे. त्यांत दहा टक्क्यांहून अधिक फरक असल्यास सुपरचार्जरचा विचार सोडून आधी इंजिन दुरुस्त करावे. रेडिएटर स्वच्छ हवा, कारण अधिक शक्ती म्हणजे अधिक उष्णता.

ब्लोअरचा कंस इंजिनालाच घट्ट बांधावा, चॅसिसला कदापि नव्हे. इंजिन हलते, चॅसिस हलत नाही, आणि पट्टा दोघांच्या मध्ये मरतो. सर्व पुल्या एका रेषेत आहेत हे सरळ पट्टी लावून पाहावे. लहान पुलीभोवती पट्ट्याचा वेढा कमी पडत असेल तर आयडलर बसवावा, नाहीतर जोर लागताच पट्टा घसरतो.

ब्लोअरच्या अलीकडील प्रत्येक जोड हवाबंद असावा. त्याच्या पाकळ्या व आवरण यांत अत्यंत थोडी फट असते. फिल्टर चुकवून आलेली माळाची धूळ ती झिजविते. हवा घेण्याचे तोंड उंचावर ठेवावे. ओढ्यातून जाताना इंजिनाने पाणी ओढले तर पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

पाय काढल्यावर हवा परत फिरावी म्हणून बायपास व्हॉल्व्ह लागतो. त्यामुळे साध्या चालीत ब्लोअर ओझ्याविना फिरतो. इंजिनाच्या खालच्या भागातून येणारी वाफ ज्या नळीने जाते तीत, तसेच ब्रेकच्या बूस्टरकडे जाणाऱ्या नळीत, एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह सुस्थितीत असलाच पाहिजे. दाबाची हवा उलट शिरली तर पहिल्या ठिकाणी तेलाच्या सीलमधून गळती होते, आणि दुसऱ्या ठिकाणी ब्रेक कठीण होतो. ही शेवटची गोष्ट जिवाशी आहे. क्लच, प्रोपेलर शाफ्ट व हाफ शाफ्ट हे जुन्या जोरासाठी बनलेले आहेत, याचीही आठवण ठेवावी.

ट्यूनिंग

इंजेक्टर इतके मोठे असावेत की पूर्ण जोरावरही ते आपल्या क्षमतेच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत. दाबमापक वातावरणाच्या दुप्पट दाबापर्यंत वाचणारा घ्यावा. स्पार्क प्लग एक पायरी थंड घ्यावेत.

मिश्रण लॅम्डा मीटरवर पाहावे. लॅम्डा १ म्हणजे हवा व इंधन नेमके बरोबर. त्याहून अधिक म्हणजे इंधन कमी. साध्या चालीत १ च्या आसपास ठीक. दाबाखाली मात्र ०.८० ते ०.८५ च्या दरम्यान ठेवावे. हे थोडे अधिक पेट्रोल वाया जाते असे वाटेल, परंतु त्याच्या वाफेनेच सिलिंडर थंड राहतो. ठिणगी आरंभी दर पौंड दाबास एक अंश उशिरा पाडावी, आणि नॉकिंग नाही याची खात्री होत गेल्यावरच थोडी थोडी पुढे आणावी. सुरुवात नेहमी अधिक इंधन व उशिराची ठिणगी येथून करावी. एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत लिहावा. आधी बिनओझ्याने, मग अर्ध्या जोरावर, आणि सर्वांत शेवटी पूर्ण जोरावर. आवाज आला की तत्काळ पाय काढावा.

येथे इथेनॉलची गोष्ट लक्षात घ्यावी. २०२५ पर्यंत आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र रूढ झाले. इथेनॉल नॉकिंग सहन करण्यात सरस आहे, पण त्यास जळण्यास हवा कमी लागते. या मिश्रणाचे प्रमाण १४.७ नसून सुमारे साडेतेरा आहे. म्हणजे तितक्याच हवेस इंधन अधिक द्यावे लागते. शुद्ध पेट्रोलवर बसविलेले कोष्टक यावर चालविले, तर दाबाखाली इंधन कमी पडते व आमचा पहिला प्रसंग पुन्हा घडतो. चिरंजीवांनी त्या वर्षी सर्व कोष्टक नव्याने बसविले, आणि जुन्या रबरी नळ्याही बदलल्या.

कायदा व विमा

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोरपणे पाळावे असाच निर्णय दिला. यास्तव असा विचार असणाऱ्यांनी आधी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. विमा कंपनीस न कळविता बदल केला व अपघात झाला, तर भरपाई नाकारली जाण्याची भीती असते, आणि त्यात दुसऱ्याच्या जिवाचाही प्रश्न असतो. आमची जिप्सी सार्वजनिक रस्त्यावर चालविली जात नाही. शर्यतीच्या मैदानापर्यंत ती ट्रकवर चढवून नेली जाते. त्याचे भाडे पडते. ते आम्ही खर्चात आनंदाने मांडतो.

आता या साऱ्याचा निष्कर्ष सांगून लेखणी आवरतो. सुपरचार्जर ही एक वस्तू नव्हे, तो एक हिशोब आहे. हवा जमेच्या बाजूस वाढविली की इंधन, ठिणगी, थंडावा व मजबुती या चारही खात्यांत त्या प्रमाणात खर्च मांडावाच लागतो. एक खाते कोरे ठेवले तर ताळेबंद जुळत नाही, आणि इंजिन मुदत देत नाही.

ते फुटके पिस्टन आम्ही टाकून दिले नाही. पेढीवर रोजमेळावर वजन म्हणून ते ठेवले आहे. कोणी आलेले सभासद विचारतात, तेव्हा चिरंजीव हसून आमच्याकडे पाहतात, आणि सांगण्याचे काम आमच्यावर सोडतात. गेल्या दिवाळीत त्यांनी नव्या क्लचचे अंदाजपत्रक आमच्यापुढे ठेवले. आम्ही ते दोनदा वाचले, प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते विचारले, आणि लाल पेन्सिल खणात ठेवून खाली सही केली.